अमेरिकेंतील संघ-न्यायालयें आणि वकिलाची सनद

शिकागो शहराच्या मध्यभागीं डिअरबॉर्न नांवाचा एक रस्ता आहे. त्या रस्त्याला लागून, एकमेकींपासून थोड्याच चौकांच्या अंतरावर, न्यायदानाच्या दोन उंच इमारती उभ्या आहेत. एकींत इलिनॉय राज्याचें कुक कौंटीचें न्यायालय भरतें; दुसरीला डर्कसेन इमारत म्हणतात व तींत अमेरिकेच्या संघसरकारचीं न्यायालयें बसतात. इलिनॉय राज्याची परीक्षा उत्तीर्ण होऊन ज्यानें नुकतीच वकिलीची सनद मिळविली आहे असा तरुण पहिल्या इमारतींत कोणाचेंहि वकीलपत्र घेऊन खुशाल उभा राहूं शकतो. मात्र तीच सनद खिशांत घालून तो पांच-दहा मिनिटें चालत दुसऱ्या इमारतींत गेला, तर तेथें त्याचें नांव वकिलांच्या पटावर नसल्यानें त्याला पक्षकारातर्फे उभें राहण्याचा अधिकार नसतो. तेथील जिल्हा न्यायालयाच्या पटावर त्यानें निराळें नांव नोंदविलें पाहिजे. तें नोंदवून झाल्यावर त्याच इमारतींत बसणाऱ्या अपील न्यायालयांत जावयाचें तर पुन्हां तिसरा पट, तिसरी शपथ आणि तिसरी फी!

आपल्याकडील श्रोत्यास हा प्रकार चमत्कारिक वाटणें साहजिक आहे. भारतांत न्यायालयांची शिडी एकच आहे. कायदा राज्याचा असो कीं केंद्राचा, बहुतेक खटले खालच्या न्यायालयांत सुरू होतात आणि त्याच शिडीच्या पायऱ्या चढत वर जातात. अमेरिकेंत शिड्या दोन आहेत. पन्नास घटक राज्यांपैकीं प्रत्येकाची स्वतःची संपूर्ण न्यायव्यवस्था आहे आणि तिच्या डोक्यावर नव्हे, तर तिच्या शेजारीं, संघसरकारची दुसरी व्यवस्था उभी आहे. संघाच्या कायद्याखालील गुन्हे, दिवाळखोरी, पेटंट, समुद्रावरील वाहतुकीचे तंटे, राज्यघटनेनें दिलेल्या हक्कांविषयींचे दावे, तसेंच निरनिराळ्या राज्यांतील नागरिकांमधील ७५,००० डॉलरांहून अधिक रकमेचे दावे हे या दुसऱ्या शिडीवर येतात. दिल्लीस १९३७ पासून १९५० पर्यंत जें फेडरल कोर्ट होतें तें एकच न्यायालय होतें. अमेरिकेंतील फेडरल कोर्टें म्हणजे एक मोठें कुटुंब आहे: ९४ जिल्हा न्यायालयें, १३ अपील न्यायालयें आणि सर्वांच्या माथ्यावर वॉशिंग्टन येथील सर्वोच्च न्यायालय.

आतां, या कुटुंबाच्या घरांत शिरण्याची किल्ली कोणाच्या हातीं आहे? संघराज्याची स्थापना झाल्यावर अगदीं आरंभीं, १७८९ सालीं, अमेरिकन कायदेमंडळानें न्यायालयांचा पहिला कायदा केला. त्यांतील पस्तिसाव्या कलमानें असें ठरविलें कीं, पक्षकारानें आपली बाजू स्वतः मांडावी, किंवा त्या त्या न्यायालयाच्या नियमांप्रमाणें ज्यांस परवानगी असेल अशा वकिलांकरवीं मांडावी. सव्वादोनशें वर्षें लोटलीं तरी ही तरतूद थोड्या फेरफारानें अजून कायम आहे. तींतील ‘त्या त्या न्यायालयाच्या नियमांप्रमाणें’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. कायदेमंडळानें वकिलांसाठीं राष्ट्रव्यापी परीक्षा ठेवली नाहीं, राष्ट्रव्यापी सनदहि काढली नाहीं. ‘अमेरिकेचा वकील’ असा मनुष्य कायद्याच्या दृष्टीनें अस्तित्वांतच नाहीं. इलिनॉयचा वकील असतो, न्यूयॉर्कचा असतो, आणि अमुक एका संघ-न्यायालयाच्या पटावरील वकील असतो.

प्रत्यक्ष प्रवेशाची रीत म्हटली तर सोपी आहे. कायद्याची पदवी, कठीण लेखी परीक्षा, उमेदवाराच्या वर्तनाची चौकशी हें सारें कष्टाचें काम राज्यानें आधींच उरकलेलें असतें, आणि संघ-न्यायालय त्या कामावर विश्वास टाकतें. अर्जदारानें आपल्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाकडून अगर वकीलमंडळाकडून दाखला आणावयाचा, कीं याची सनद चालू आहे व याच्यावर शिस्तभंगाचा ठपका नाहीं. पूर्वीं कोठें निलंबन झालें असेल, कोठें चौकशी चालू असेल, तर तें अर्जांत उघड करावें लागतें. आणि येथें लपवालपव करणें हें मूळच्या दोषाहून अधिक महाग पडतें. कित्येक न्यायालयें याशिवाय त्याच पटावरील एखाद्या जुन्या वकिलाची शिफारस मागतात. मग फी भरावयाची आणि राज्यघटनेशीं निष्ठा राखीन व न्यायालयाचा अधिकारी या नात्यानें सचोटीनें वागेन अशी शपथ घ्यावयाची. पूर्वीं ही शपथ भर न्यायालयांत होई, जुना वकील उठून नव्याचें नांव सुचवी व न्यायाधीश दोन शब्द स्वागताचे बोलत. आज पुष्कळ ठिकाणीं सारा व्यवहार संगणकावरून उरकतो. सोय झाली खरी, परंतु एका चांगल्या समारंभास तरुण वकील मुकला असें म्हणावयास हरकत नाहीं.

परंतु ९४ न्यायालयांचे ९४ रिवाज! शिकागोच्या जिल्हा न्यायालयास कोणत्याहि राज्याची सनद चालते. कॅलिफोर्नियांतील चारहि संघ-जिल्हा न्यायालयांच्या पटावर कायमचें नांव घालावयाचें तर कॅलिफोर्निया राज्याचीच सनद लागते. न्यूयॉर्कमध्यें वीस वर्षें गाजलेला वकील असला तरी त्याला तेथें नवा उमेदवार होऊन परीक्षेस बसावें लागतें. पोर्टो रिको बेटावरील संघ-न्यायालयाची स्वतःची निराळी परीक्षाच आहे. उलट अपील न्यायालयांचा नियम देशभर एकसारखा व उदार आहे: सर्वोच्च न्यायालय, एखाद्या राज्याचें वरिष्ठ न्यायालय, दुसरें अपील न्यायालय किंवा कोणतेंहि संघ-जिल्हा न्यायालय यांपैकीं एकाच्या पटावर नांव असलें आणि चारित्र्य चांगलें असलें कीं पुरे.

नुसत्या दाखल्यावर प्रवेश देण्याची ही रीत सर्वांसच पसंत होती असें नाहीं. १९७३ सालीं तत्कालीन सरन्यायाधीश वॉरेन बर्गर यांनीं न्यूयॉर्क येथील फोर्डम विद्यापीठांतील एका व्याख्यानांत बोलून दाखविलें कीं, महत्त्वाच्या खटल्यांत उभे राहणाऱ्या वकिलांपैकीं एक तृतीयांशापासून निम्म्यांपर्यंत लोक त्या कामास खरोखर लायक नसतात. वकीलवर्गांत अर्थातच खळबळ उडाली. पुढें न्यायमूर्ती एडवर्ड डेव्हिट यांच्या अध्यक्षतेखालीं समिति बसली. संघ-न्यायालयांनीं आपली परीक्षा घ्यावी व प्रत्यक्ष खटला चालविल्याचा अनुभव मागावा अशी तिनें शिफारस केली. कांहीं जिल्ह्यांनीं प्रयोग करून पाहिला व बहुतेकांनीं तो पुढें सोडून दिला. जेथें तो टिकला त्यांत शिकागो आहे. तेथें साधा पट आणि त्याच्यावर ‘ट्रायल बार’ नांवाचा दुसरा पट असे दोन थर आहेत. साक्षीपुराव्याच्या सुनावणींत स्वतंत्रपणें उभें राहावयाचें तर या दुसऱ्या पटावर नांव लागतें, आणि तें मिळण्यास आधीं अनुभवी वकिलाबरोबर बसून खटले पाहिलेले अगर चालविलेले असावे लागतात. यांतील खरी मौज पुढेंच आहे. या वरच्या पटावर ज्याचें नांव चढलें त्याला न्यायालय एखाद्या निर्धन पक्षकाराचें काम विनामूल्य नेमून देऊं शकतें, व तें सबळ कारणावांचून नाकारतां येत नाहीं. मानाबरोबर ओझें देण्याची ही युक्ति इतरांनीं उचलण्याजोगी आहे.

ज्याला एकाच दाव्यापुरतें परक्या जिल्ह्यांत जावयाचें असेल त्यानें काय करावें? त्याच्यासाठीं ‘प्रो हॅक व्हाइस’ या लॅटिन नांवाची सवलत आहे. अर्थ इतकाच कीं, ‘या एका प्रसंगापुरतें’. अर्ज करावा, फी भरावी, आणि बहुतेक ठिकाणीं त्या गांवचा एक वकील जोडीस घ्यावा. हा स्थानिक सोबती न्यायाधीशांच्या संवयी जाणतो व पाहुण्याच्या वागणुकीबद्दल जामीन असल्यासारखा असतो. पाहुणा वारंवार येऊं लागला, तर न्यायालयें त्याला विचारूं लागतात कीं, आपण पाहुणे आहांत कीं बिऱ्हाड केलें आहे.

इतकें ऐकल्यावर कोणी म्हणेल कीं, हा सारा दप्तरी शिरस्ता आहे, यांत विशेष तें काय? शिरस्ता खरा, पण ज्याला दार सहज उघडतें त्याला दाराची जाडी कळत नाहीं. ती कळावयाची तर ज्यांच्यासाठीं तें उघडलें नाहीं त्यांच्याकडे वळावें लागतें.

सर्वोच्च न्यायालयाची पहिली बैठक १७९० च्या फेब्रुवारींत न्यूयॉर्क येथें भरली. निकाल देण्यास खटलाच नव्हता. म्हणून न्यायमूर्तींनीं आरंभीं केलेल्या कामांपैकीं एक म्हणजे वकिलांच्या प्रवेशाचा नियम. आपल्या राज्याच्या वरिष्ठ न्यायालयांत तीन वर्षें वकिली आणि निष्कलंक वर्तन, एवढ्याच अटी. ५ फेब्रुवारीस न्यू जर्सीच्या एलायस बूडिनॉट यांचें नांव पटावर प्रथम चढलें. तीन वर्षांची ती अट आजहि तशीच आहे. नियमांत वर्ण लिहिलेला नव्हता, लिंगहि लिहिलेलें नव्हतें. लिहिण्याची गरजच कोणास वाटली नाहीं.

१८५७ सालीं ड्रेड स्कॉटच्या खटल्यांत याच न्यायालयानें निकाल दिला कीं, आफ्रिकन वंशाचा मनुष्य या देशाचा नागरिक होऊं शकत नाहीं. तो निकाल लिहिणारे सरन्यायाधीश टॅनी १८६४ सालीं वारले. १ फेब्रुवारी १८६५ रोजीं, म्हणजे गुलामगिरी रद्द करणारी घटनादुरुस्ती कायदेमंडळानें संमत केल्याच्या दुसऱ्याच दिवशीं, सेनेटर चार्ल्स समनर त्याच न्यायालयांत उभे राहिले व त्यांनीं मॅसॅच्युसेट्सचे वकील जॉन रॉक यांचें नांव पटासाठीं सुचविलें. रॉक कृष्णवर्णीय होते. वकील होण्यापूर्वीं ते दंतवैद्य व डॉक्टरहि होते. नवे सरन्यायाधीश चेस यांनीं मान हलवून संमति दिली आणि शपथ झाली. भाषण नाहीं, निकालपत्र नाहीं. आठ वर्षांपूर्वींचा तो भयंकर निकाल कागदावर तसाच होता, परंतु ज्याला नागरिक मानण्यास त्यानें नकार दिला होता तो मनुष्य आतां न्यायालयाचा अधिकारी झाला होता.

त्याच वर्षीं दुसऱ्या बाजूनें दार बंद करण्याचा यत्न झाला. यादवी युद्ध संपत आलें होतें. जानेवारी १८६५ मध्यें कायदेमंडळानें ठरविलें कीं, आपण कधीं बंडखोर पक्षास साह्य केलें नाहीं अशी शपथ घेतल्यावांचून कोणाहि वकिलानें संघ-न्यायालयांत उभें राहूं नये. आर्कान्सासचे ऑगस्टस गार्लंड यांचें नांव १८६० पासून सर्वोच्च न्यायालयाच्या पटावर होतें. परंतु युद्धकाळांत ते दक्षिणेकडील बंडखोर राज्यांच्या कायदेमंडळाचे सभासद झाले होते. अध्यक्ष जॉन्सन यांनीं त्यांस पूर्ण क्षमा दिली, तरी ती शपथ घेणें म्हणजे धडधडीत खोटें बोलणें होतें. गार्लंड यांनीं अर्ज केला. १८६७ च्या जानेवारींत पांच विरुद्ध चार अशा मतांनीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला. न्यायमूर्ती फील्ड यांच्या निकालपत्राचें सार असें कीं, वकील हा सरकारचा नोकर नव्हे. तो न्यायालयाच्या हुकुमानें नेमलेला न्यायालयाचा अधिकारी आहे. त्याचें म्हणणें ऐकून, त्याचा दोष शाबीत करून न्यायालयानेंच त्याला काढावें. मागील कृत्याची शिक्षा म्हणून कायदेमंडळानें काढूं नये. चार न्यायमूर्तींचें मत उलट पडलें, व युद्धांत मुलें गमावलेल्या कित्येक घरांस हा निकाल रुचला नसेल हेंहि समजण्याजोगें आहे. गार्लंड पुढें १८८५ सालीं त्याच सरकारचे अॅटर्नी जनरल झाले, आणि १८९९ च्या जानेवारींत सर्वोच्च न्यायालयापुढें युक्तिवाद करीत असतांनाच त्यांस मृत्यूनें गांठलें.

किल्ली न्यायालयाच्या हातीं आहे हें तत्त्व गार्लंड यांस तारक ठरलें. तेंच बेल्वा लॉकवुड यांस मारक झालें. या बाईंनीं वॉशिंग्टन येथें कायद्याचा अभ्यास पुरा केला तरी विद्यालय पदवी देईना. विद्यालयाचें नामधारी अध्यक्षपद राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्याकडे होतें. त्यांस बाईंनीं कडक पत्र लिहिलें, व १८७३ सालीं पदवी आली. तीन वर्षांची वकिली भरल्यावर १८७६ सालीं त्यांनीं सर्वोच्च न्यायालयांत अर्ज केला. न्यायालयानें सांगितलें कीं, येथें आजवर पुरुषांसच घेण्याची वहिवाट आहे. कायद्यानें भाग पाडल्यावांचून ती बदलणार नाहीं. बाईंनीं तो शब्द धरला. त्या कायदेमंडळाच्या सभासदांचे उंबरठे झिजवीत राहिल्या, आणि १५ फेब्रुवारी १८७९ रोजीं कायदा झाला कीं, पात्र असलेल्या स्त्रीवकिलास सर्वोच्च न्यायालयानें प्रवेश दिला पाहिजे. ३ मार्चला त्यांची शपथ झाली. लगेच पुढच्या वर्षीं त्यांनीं आपल्या नव्या अधिकाराचा एक उपयोग केला: अलाबामाचे कृष्णवर्णीय वकील सॅम्युअल लावरी यांचें नांव पटासाठीं त्यांनींच सुचविलें.

या इतिहासांत मराठी कानास ओळखीचें वाटणारें एक नांव येतें, तें सखाराम गणेश पंडित यांचें. हे हिंदी गृहस्थ १९१४ सालीं कॅलिफोर्नियांत अमेरिकेचे नागरिक झाले आणि १९१७ सालीं तेथील वकील. त्या काळीं नागरिकत्व ‘गौरवर्णीय’ परदेशीयांस मिळे, व हिंदी मनुष्य त्यांत मोडतो कीं नाहीं याविषयीं खालच्या न्यायालयांचीं मतें भिन्न होतीं. भगतसिंग थिंड यांचा खटला सर्वोच्च न्यायालयांत गेला तेव्हां त्यांच्या बाजूनें पंडित उभे होते. फेब्रुवारी १९२३ मध्यें खटला हरला. हिंदी लोक गौरवर्णीय नव्हत असें ठरलें. मग सरकारनें ज्यांस पूर्वींच नागरिकत्व दिलें होतें त्यांच्यावरहि फिर्यादी लावल्या, आणि त्यांत स्वतः पंडित आले.

येथें प्रवेशाची साखळी किती आंवळलेली असते तें दिसतें. कॅलिफोर्नियांत वकिलीस नागरिकत्व हवें. नागरिकत्व गेलें कीं राज्याची सनद जाणार. आणि राज्याच्या सनदेच्या आधारावरच संघ-न्यायालयाचें दार उघडलेलें. एक दुवा तुटला कीं मनुष्य आपल्याच खटल्यांत वकील म्हणून उभा राहण्यास नालायक ठरावयाचा! पंडित यांनीं हेंच पुढें मांडलें. न्यायालयानें दिलेल्या नागरिकत्वावर विसंबून आपण धंदा उभारला, मालमत्ता केली, लग्न केलें. वेळींच अपील न करतां सरकार इतक्या वर्षांनीं तें उलटवूं शकत नाहीं, असें त्यांचें म्हणणें. १९२६ सालीं अपील न्यायालयानें तें मान्य केलें व १९२७ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सरकारची पुढील दाद ऐकण्यास नकार दिला. त्यानंतर इतर हिंदी लोकांवरील तशा फिर्यादी सरकारनें सोडून दिल्या. एका वकिलानें आपली सनद वांचवितांना कित्येकांचें नागरिकत्व वांचविलें.

नागरिकत्वाची ती अट वकिलीपुरती १९७३ सालीं सर्वोच्च न्यायालयानें घटनाबाह्य ठरविली. तो खटला कनेटिकट राज्यांतील एका डच नागरिक स्त्रीचा होता. आज न्यूयॉर्क व कॅलिफोर्निया हीं राज्यें परदेशांतील कायदेपदवीधरांस कांहीं अटींवर परीक्षेस बसूं देतात, आणि मुंबई-पुण्याचे पदवीधर त्या वाटेनें जाऊन पुढें संघ-न्यायालयांच्या पटावर नांव घालूं शकतात. रहिवासाची अटहि अशीच सैल झाली. लुइझियानाच्या पूर्व जिल्ह्यांतील संघ-न्यायालय, त्या राज्यांत घर अगर कचेरी असल्यावांचून वकिलास पटावर घेत नसे. शेजारच्या मिसिसिपींत राहणाऱ्या, पण लुइझियानाची सनद असलेल्या एका वकिलानें त्याविरुद्ध दाद मागितली, आणि १९८७ सालीं ती अट अनावश्यक व अतार्किक म्हणून रद्द झाली.

प्रवेश जसा निराळा तशी हकालपट्टीहि निराळी. राज्यानें सनद काढून घेतली म्हणजे संघ-न्यायालयाचें दार आपोआप बंद होतें असा पुष्कळांचा समज असतो. १९५७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें स्पष्ट केलें कीं, राज्याच्या निर्णयास मान द्यावा, परंतु संघ-न्यायालयानें स्वतः विचार केल्यावांचून नांव खोडूं नये. त्या प्रकरणांतील वकिलावर खोट्या वचनचिठ्ठीचा आरोप होता, पण कृत्य वीस वर्षांपूर्वींचें व मानसिक रोगाच्या भरांतील होतें.

याच्याहि पुढची हकीकत नॉर्थ डकोटांतील एका वकिलाची आहे. निर्धन आरोपीचें काम न्यायालयानें त्याच्याकडे सोंपविलें. त्यानें मेहनतान्याचा हिशेब पाठविला. तपशील अपुरा म्हणून तो दोनदां परत आला. १९८३ सालीं त्यानें वैतागून न्यायाधीशांच्या कचेरीस पत्र लिहिलें कीं, या कारभाराचा आपणांस वीट आला आहे, तरी अशा कामांच्या यादींतून आपलें नांव काढावें. अपील न्यायालयानें माफी मागितली, त्यानें दिली नाहीं. तेव्हां त्या विभागांतील संघ-न्यायालयांतून त्याला सहा महिने दूर ठेवण्याचा हुकूम झाला. १९८५ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो हुकूम फिरविला. भाषा उद्धट खरी, परंतु एकदांच्या उद्धटपणानें मनुष्य वकिलीस अपात्र ठरत नाहीं, असें निकालपत्रांत म्हटलें आहे. तें निकालपत्र लिहिलें बारा वर्षांपूर्वीं वकिलांच्या लायकीविषयीं तें खरमरीत व्याख्यान देणाऱ्या सरन्यायाधीश बर्गर यांनीं.